चिनी पेठेतली मारियम्मा

कोणत्याही जुन्या शहराचा स्वभाव ओळखायचा असेल, तर त्याच्या पेठांची आणि गल्ल्यांची नावे आधी वाचावीत. वाडे पडतात, पुतळे हलतात, राज्यकर्ते बदलतात. पण एकदा लोकांच्या तोंडी बसलेले नाव सहसा हलत नाही. आपल्या मुंबईत धोबी तलाव आहे, पण तलाव केव्हाच बुजला. चर्चगेट आहे, पण कोटाचा तो दरवाजा दिसत नाही. वस्तू गेली आणि नाव उरले, असा हा व्यवहार.

सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये हिंडताना मात्र नावांचा एक निराळाच घोळ समोर येतो. साउथ ब्रिज रोड नावाचा मोठा रस्ता या वस्तीतून जातो. त्याला येऊन मिळणाऱ्या तीन लहान गल्ल्या ओळीने लागतात. पहिली मॉस्क स्ट्रीट, म्हणजे मशीद गल्ली. दुसरी पॅगोडा स्ट्रीट. तिसरी टेंपल स्ट्रीट, म्हणजे देऊळ गल्ली. आता, चिनी वस्तीत पॅगोडा असायचाच आणि देऊळही असायचेच, असे समजून आपण पुढे जातो. आणि समोर येते ते काय? लाल कंदिलांच्या माळा, वाळवलेल्या औषधी मुळ्यांची दुकाने आणि भाजलेल्या बदकांच्या खाणावळी यांच्या मधोमध, देवदेवतांनी गजबजलेले सहा मजली द्रविडी गोपूर! कुंपणाच्या भिंतीवर पांढऱ्या गाई निवांत बसलेल्या. दाराशी चपलांचा ढीग. आतून नादस्वराचा सूर आणि कापराचा वास.

हेच श्रीमारियम्मन मंदिर. सिंगापुरातले सर्वांत जुने हिंदू देऊळ. टेंपल स्ट्रीट हे नाव याच्यावरून पडले आणि पॅगोडा स्ट्रीटही याच्यावरूनच. त्या काळच्या इंग्रजीत हिंदू देवळालाही 'पॅगोडा'च म्हणत. महाबलीपुरमला इंग्रज खलाशी 'सात पॅगोडे' म्हणत असत, ते याच अर्थाने. राहिली मशीद. तीही चिनी मुसलमानांची नव्हे. तमिळ मुसलमानांनी, ज्यांना तिकडे चुलिया म्हणत, त्यांनी १८२६ साली स्थापन केलेली ती जामे मशीद. थोडक्यात, चिनी पेठेतल्या तीन गल्ल्या आपली नावे दोन तमिळ वास्तूंकडून उसनी घेऊन बसल्या आहेत. हे कसे घडले त्याची हकीकत मोठी वाचनीय आहे.

१८१९ च्या जानेवारीत सर स्टॅम्फर्ड रॅफल्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने सिंगापूर बेटावर पाय ठेवला आणि तेथे कंपनीची वखार घातली. त्याच वर्षी मे महिन्यात तो 'इंडियाना' नावाच्या गलबतातून पुन्हा आला, तेव्हा त्याच्याबरोबर पेनांगचा एक तमिळ गृहस्थ होता. त्याचे नाव नारायण पिल्लै. पेनांगला तो सरकारी कारकून होता. महिन्याकाठी ठरलेला पगार मिळवणारा हा मध्यमवर्गी माणूस एका ओसाडवजा बेटावर नशीब काढायला निघाला, यावरूनच त्याच्या धाडसाची कल्पना यावी. नव्या गावात घरे उभी राहणार, घरांना विटा लागणार, हे त्याने हेरले. पेनांगला निरोप धाडून त्याने वीटकाम जाणणारे कारागीर, सुतार आणि कापडवाले बोलावून घेतले आणि सिंगापुरातली पहिली वीटभट्टी लावली. पुढे कापडाचे दुकान काढले. १८२२ साली ते आगीत जळून खाक झाले आणि पिल्लै कर्जबाजारी झाला. तरीही तो परत फिरला नाही. रॅफल्सकडून मोक्याची जागा मिळवून त्याने पुन्हा व्यापार थाटला. पुढे कोरोमंडल किनाऱ्यावरून आलेल्या लोकांचा तो मुखिया झाला. आपसातली भांडणे मिटवण्याचा अधिकारही त्याला मिळाला.

या माणसाला आपल्या लोकांसाठी देऊळ हवे होते. कंपनीने पहिल्यांदा जागा देऊ केली ती तेलोक आयर रस्त्यावर. आज तो रस्ता समुद्रापासून आत आहे. पण तेव्हा तो अगदी किनाऱ्याला लागून होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्र बुजवून जमीन केली, म्हणून तो आत गेला. परदेशाहून आलेली माणसे तेथेच उतरत. देवळाला याहून चांगली जागा कोणती? पण पिल्लैने ती नाकारली. कारण तेथे गोडे पाणी नव्हते. 'तेलोक आयर' या मलायी शब्दांचा अर्थच मुळी 'पाण्याची खाडी'. पण खाडीचे खारे पाणी अभिषेकाला कसे चालणार? १८२१ साली दुसरी जागा ठरली, ती एका ओढ्याजवळ. पण १८२२ च्या सुमारास लेफ्टनंट फिलिप जॅक्सनने शहराचा जो नकाशा आखला, त्यात ती जागा दुसऱ्याच कामासाठी राखली गेली. शेवटी १८२३ साली साउथ ब्रिज रोडवरची आजची जागा पदरात पडली.

या नकाशाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. जॅक्सनच्या नकाशात प्रत्येक जमातीला आपापला मोहल्ला आखून दिला होता. युरोपियन येथे, चिनी तेथे, चुलिया पलीकडे, अरब आणि बुगी आणखी पलीकडे. आपल्याकडच्या गोऱ्या साहेबांनीही छावणी आणि गाव वेगळे ठेवलेच होते. कागदावर रेघा सरळ दिसतात. पण माणसे कागदावर राहत नाहीत. चिनी वस्ती वाढत वाढत गेली आणि चुलियांची मशीद व तमिळांचे देऊळ तिच्या पोटात आले. त्यांना कोणी हलवले नाही, आणि तीही हलली नाहीत.

१८२७ साली देऊळ उभे राहिले. कसले देऊळ? लाकडाचे खांब आणि वर झावळ्यांचे छप्पर. आत नारायण पिल्लैने आणलेली देवीची लहानशी मूर्ती. 'सिन्न अम्मन', म्हणजे धाकटी अम्मा, असे तिला म्हणत. विटांचे बांधकाम आले ते १८४३ च्या सुमारास, आणि आज दिसणाऱ्या वास्तूचा बराचसा भाग १८६२-६३ चा. नागपट्टणम आणि कडलूर भागांतल्या कारागिरांनी ते काम केले. त्या काळी हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी सिंगापुरात रस्ते आणि इमारती बांधत असत; मद्रासकडच्या कैद्यांचा हात या देवळालाही लागला असावा, असे मानतात. पहिले गोपूर १९०३ चे, अवघे तीन मजल्यांचे आणि साधे. आजचे सहा मजली गोपूर १९२५ साली उभारले. त्यावरच्या पुष्कळशा मूर्ती तर १९६० नंतरच्या दुरुस्तीत वाढल्या. दारापासून मुख्य गाभाऱ्यापर्यंतचा मंडपही आधी झावळ्यांचाच होता. १९१० साली तो जळाला, तेव्हा स्वॉन अँड मॅक्लॅरन या इंग्रज वास्तुशिल्पी मंडळीच्या आराखड्याप्रमाणे १९१५ साली नवा केला. म्हणजे पाहा, 'दोनशे वर्षांचे देऊळ' असे आपण कौतुकाने म्हणतो, पण १८२७ सालची एक झावळीही तेथे नाही. लाकूड गेले, झावळ्या गेल्या, तीन मजली गोपूर गेले. राहिली ती गाभाऱ्यातली धाकटी अम्मा.

मुख्य गाभाऱ्यात मारियम्मन, आणि तिच्या दोन बाजूंना राम आणि मुरुगन. आवारात गणपती आहे, दुर्गा आहे, आणि मुत्तुलराजा नावाचा तमिळ खेड्यातला एक राखणदार देवही आहे. बोटीत बसताना माणसाने फक्त बोचके घेतले नव्हते, आपल्या शिवेवरचा देवही सोबत घेतला होता!

ही मारियम्मन कोण, हे मराठी वाचकाला फार सांगावे लागू नये. तमिळमध्ये 'मारी' म्हणजे पाऊस. मारियम्मन ही पावसाची देवता, आणि त्याहूनही अधिक ती देवीच्या रोगाची व साथींची देवता. कोपली तर अंगावर उठणारी, प्रसन्न झाली तर वाचवणारी. आपल्या खेड्यांत वेशीबाहेर शेंदूर फासलेली मरीआई असते. पटकीची साथ आली की तिचा गाडा शिवेपार नेऊन सोडत. नावांचे गोत्र जुळवण्याचे काम भाषाशास्त्रज्ञांवर सोपवू. पण दोघींचे काम एकच, दोघींच्या पुढचा कडुलिंबाचा पालाही एकच. मराठीत तर आपण त्या रोगालाच 'देवी' म्हणत आलो. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. त्याआधीच्या माणसाची भीती आज आपल्याला कळणे कठीण आहे. दलदलीचे बेट, माहीत नसलेले ताप, जवळ ना आई ना बायको. अशा जागी पिल्लैने देवळासाठी कोणती देवता निवडली? ऐश्वर्य देणारी लक्ष्मी नव्हे. रोगराईपासून राखणारी खेड्यातली आई. या निवडीतच त्या बेटावरचे पहिले दिवस कसे होते ते सारे आले.

आणि ती नुसती पूजेची धनीण नव्हती. बोटीतून उतरलेल्या नवख्या तमिळ माणसाला काम आणि राहायला खोली मिळेपर्यंत या देवळात आसरा मिळे. एके काळी सिंगापुरातल्या हिंदूंची लग्ने लावण्याचा आणि नोंदवण्याचा अधिकारही याच देवळाला होता. म्हणजे धर्मशाळा हीच, कचेरीही हीच आणि माहेरही हेच.

या आसऱ्याची किंमत कळण्यासाठी देवळाच्या कडेच्या पॅगोडा स्ट्रीटमध्ये चार पावले जावे. आज तेथे आठवणीच्या वस्तूंची दुकाने आहेत: पंखे, चॉपस्टिक, चुंबकाने चिकटणारी खेळणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही याच गल्लीत अफूचे अड्डे होते आणि चिनी मजुरांच्या व्यापाराच्या पेढ्या होत्या. ३७ क्रमांकाच्या घरातली 'क्वाँग हप युएन' ही त्यांतली नावाजलेली. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून बोटीने आलेला, प्रवासाचे भाडेही उसने असलेला तरुण अशा घरांत दाटीवाटीने ठेवलेला असे. कोणी मालक येऊन त्याचे देणे भागवी आणि त्याच्या श्रमाचा धनी होई. चिनी लोकांच्याही गाववार आणि कुळवार संस्था होत्या आणि त्यांनी आपल्या माणसांना खूप आधार दिला. पण हा आधार ज्यांच्या वाट्याला आला नाही, त्यांचे दिवस या गल्लीत गेले. एका भिंतीच्या अलीकडे कोणी न विचारता पथारी पसरू देणारी अम्मा, आणि पलीकडे माणसाची किंमत करणारा मुकादम. दोन्ही दारांशी उभा राहणारा माणूस मात्र एकच होता: गाव सोडलेला, कर्जात बुडालेला, पोटासाठी आलेला.

चिनी लोक या वस्तीला चायनाटाउन म्हणत नाहीत. त्यांच्या भाषेतले तिचे नाव आहे 'बैलगाडीचे पाणी'. मलायी भाषेत 'क्रेटा आयर', म्हणजे पाण्याची गाडी. जवळच्या अ‍ॅन सियांग टेकडीवरच्या विहिरींचे पाणी बैलगाड्यांनी या वस्तीत आणत, त्यावरून हे नाव पडले. पिल्लैने गोड्या पाण्यासाठी किनाऱ्याची जागा सोडली, आणि ज्या वस्तीत तो आला तिचे नावच पाण्यावरून पडावे, हा योग मोठा सुंदर आहे. अभिषेकाचे पाणी आणि चहाचे पाणी यांची तहान काही निराळी नसते.

शेजारधर्माची ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पिल्लैने नाकारलेल्या त्याच तेलोक आयर रस्त्यावर पुढे १८२८ ते १८३० या काळात नागूरच्या शाहुल हमीद या साधूच्या स्मरणार्थ तमिळ मुसलमानांनी दर्गा बांधला, आणि १८३९ ते १८४२ मध्ये चिनी लोकांनी समुद्रदेवता माझू हिचे थिआन हॉक केंग हे देऊळ बांधले. समुद्र सुखरूप पार केल्याबद्दल तेथे माझूचे आभार मानायचे, येथे रोगराईपासून राखल्याबद्दल मारियम्मनचे. दोन्ही आयाच. सिंगापूरच्या वॉटर्लू रस्त्यावर तर कृष्णाचे देऊळ आणि चिनी करुणादेवी क्वान यिनचे देऊळ अगदी जवळजवळ आहेत. क्वान यिनला जाणारे चिनी भाविक वाटेत कृष्णापुढेही उदबत्त्या लावून जातात.

१९६० नंतर सिंगापूरचा कायापालट होऊ लागला. सरकारी गृहनिर्माण मंडळाने उंच उंच इमारती बांधल्या आणि कोंदट खोल्यांत राहणारी कुटुंबे तिकडे गेली. १९८३ साली रस्त्यावरचे फेरीवाले एका मोठ्या इमारतीत हलवले. १९८९ साली चायनाटाउनची जुनी घरे जपण्याचा कायदेशीर निर्णय झाला आणि ती रंगवून नीटनेटकी केली गेली. घरे वाचली, पण त्यांत राहणारी माणसे बहुतेक निघून गेली. आज संध्याकाळी तेथे गर्दी असते ती प्रवाशांची. २००७ साली याच रस्त्यावर बुद्धाच्या दाताचे एक भव्य चिनी पद्धतीचे मंदिर झाले. नवखा प्रवासी त्यालाच जुने समजतो आणि खऱ्या जुन्याकडे चुकून आलेल्या पाहुण्यासारखे पाहतो!

मग जिच्या अवतीभवतीचे सारे तमिळ बिऱ्हाडकरू केव्हाच पांगले, त्या मारियम्मनचे काय? सरकारने १९७३ साली राष्ट्रीय स्मारके म्हणून जाहीर केलेल्या पहिल्या आठ वास्तूंत या देवळाचा समावेश आहे. पण स्मारक म्हणून पाटी लागली की पुष्कळदा वास्तूतला जीव निघून जातो. लोक येतात ते छायाचित्र काढून परत जातात. हे देऊळ त्या दशेतून वाचले, आणि ते पाटीमुळे वाचले असे मला वाटत नाही. दर बारा वर्षांच्या आसपास त्याचा कुंभाभिषेक होतो. मूर्ती पुन्हा रंगतात, कळसावर पुन्हा पाणी पडते. २०१० नंतरचा कुंभाभिषेक २०२३ च्या फेब्रुवारीत झाला. पण त्याहूनही मोठे कारण दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर दिसते.

त्याला तीमिदी म्हणतात. 'ती' म्हणजे अग्नी आणि 'मिदी' म्हणजे तुडवणे. तमिळ ऐप्पसी महिन्यात, दीपावलीच्या आठवडाभर आधी हा उत्सव होतो. या देवळात ही प्रथा १८४० पासूनची. अग्नी तुडवायचा तो मात्र मारियम्मनसाठी नव्हे, तर द्रौपदीसाठी. आवारात द्रौपदी अम्मनचे स्वतंत्र देऊळ आहे आणि मानाने ते मुख्य गाभाऱ्याच्या खालोखाल. शेजारी पाची पांडव आणि कृष्ण. आपण द्रौपदीला महाभारताची नायिका मानतो; उत्तर तमिळनाडूतल्या खेड्यांत ती साक्षात देवता आहे. या उपासनेचे मूळ पीठ जिंजीच्या परिसरातले. होय, तीच जिंजी, जेथून राजाराम महाराजांनी सुमारे आठ वर्षे मराठ्यांचे राज्य राखले! तिकडची लोककथा सांगते की, युद्ध संपल्यावर द्रौपदी निखाऱ्यांवरून चालत गेली आणि फुलासारखी टवटवीत बाहेर आली. म्हणून त्या निखाऱ्यांच्या चराला 'पूक्कुळी', म्हणजे फुलांचा खड्डा, म्हणतात.

उत्सवाआधी कितीतरी आठवडे देवळात महाभारत वाचतात. द्रौपदी आणि अर्जुनाचे लग्न लागते, अरावानाच्या बलिदानाचा प्रसंग होतो. शेवटच्या दिवशी व्रतस्थ भाविक पिवळी वस्त्रे नेसून सेरंगून रस्त्यावरच्या श्रीनिवास पेरुमाळ देवळात जमतात. तेथून चायनाटाउनपर्यंत सुमारे चार किलोमीटर अनवाणी चालत येतात. शहरातले रस्ते त्यांच्यासाठी मोकळे ठेवलेले असतात. बँकांच्या काचेच्या इमारती मागे पडतात आणि लाल कंदिलांच्या गल्ल्या लागतात. देवळाच्या आवारात निखारे पसरलेले असतात. मुख्य पुजारी डोक्यावर फुलांनी मढवलेले करगम घेऊन आधी उतरतो. मग एकामागून एक पुरुष निखाऱ्यांवरून जातात आणि शेवटी दुधाच्या खळग्यात पाय टाकतात. त्यांत गोदीतला कामगार असतो, तसाच संगणकाच्या कचेरीतला तरुणही असतो.

हे सारे चायनाटाउनमध्ये राहणारे लोक नव्हेत. ते बेटाच्या चारी टोकांकडून येतात. नारायण पिल्लैच्या काळी माणसे राहायला जागा नाही म्हणून या देवळात येत. आज त्यांच्या पणतू-खापरपणतूंना घरे आहेत, तरी ती येतात. देवळाला जिवंत ठेवण्याचे काम त्या चार किलोमीटरच्या चालण्याने केले आहे. आपल्या गावोगावच्या जुन्या देवळांकडे, वाड्यांकडे पाहताना मला हे चालणे आठवते. त्यांच्या जीर्णोद्धारासाठी आपण वर्गणी देतो आणि वर्षभर तिकडे फिरकत नाही. दगड सिमेंटाने सांधता येतो. त्या वास्तूकडे जाणारी पायवाट सांधायला पाय लागतात.

आता पुष्कळ मराठी कुटुंबांची मुले-सुना सिंगापुरात आहेत आणि आजी-आजोबांचे तिकडे जाणे-येणेही नित्याचे झाले आहे. दिवाळीच्या सुमारास जाणे झालेच, तर लिटल इंडियातली रोषणाई अवश्य पाहावी. मुले ती दाखवतीलच. पण एक संध्याकाळ चायनाटाउनसाठी ठेवावी. मशीद गल्लीपासून सुरुवात करावी, पॅगोडा गल्लीतली दुकाने रेंगाळत पाहावीत आणि वळणावर चपला काढून आत जावे. मंडपातून सरळ पुढे गेले की गाभारा लागतो. तेथे धाकट्या अम्मापुढे आपल्यासारखेच कोणी लेकाच्या घरी आलेले तमिळ आजी-आजोबा हात जोडून उभे असतील, आणि त्यांच्या शेजारी कदाचित एखादी चिनी म्हातारीही.